गॅस संपला, की गेला?

गेली तीन वर्षं एप्रिल लागला की आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं असतं : "एसीतला गॅस संपलाय." मग मेकॅनिकला फोन. तो येतो, पाऊण तासात गॅस भरतो, अडीच-तीन हजार घेऊन जातो. खोली गार होते आणि पुढच्या एप्रिलपर्यंत त्या यंत्राची कुणाला आठवण राहत नाही. यंदा हे वाक्य मी मामांसमोर बोलले. मामा मिरजेहून रात्रीच्या गाडीनं आले होते, त्यांचा पहिला चहाही व्हायचा होता.

"संपला?" ते म्हणाले. "स्वयंपाकाचा गॅस संपतो. एसीतला कसा संपेल?"

"म्हणजे कमी झालाय हो. मेकॅनिक तसंच म्हणतो."

"मेकॅनिक म्हणू दे. तू काय म्हणतीस? तो गॅस कुठं जळतो का? नळी बंद, कॉम्प्रेसर बंद डब्यात. भरला तेवढा आत पाहिजे. नसला, तर गेला. आणि गेला असला, तर कुठनं गेला ते बघायला नको?"

तेव्हा मला राग आला. रात्रभर पोर घामानं झोपलं नव्हतं आणि मला शब्दाचा कीस नको होता, थंडावा हवा होता. पण दोन दिवस चाललेल्या आमच्या वादात मामांचं हे पहिलं वाक्यच सगळ्यात खोल निघालं. मराठी घरात 'गॅस संपला' हे वाक्य सिलिंडरमुळे रुळलं. सिलिंडरमधला गॅस जळतो, अन्न शिजवतो आणि संपतो. मग दुसरा नंबर लावायचा. तोच शब्द एसीला चिकटला आणि वर्षातून एकदा गॅस भरणं हे घरखर्चातलं नेहमीचं कलम होऊन बसलं. संपलेल्या वस्तूचा कुणी माग काढत नाही.

"रहाट पाहिलायस का तू?" मामांनी विचारलं. मी चित्रातच पाहिला होता. "गाडगी रिकामी खाली जातात, भरून वर येतात, पाटात ओततात, परत खाली. पाणी वाहतं, गाडगी तीच. एसीतला गॅस म्हणजे ती गाडगी. खोलीतली उष्णता भरून घ्यायची, बाहेर ओतायची, परत आत यायचं. चार गाडगी फुटली तर पाणी कमीच येणार. तू दरवर्षी नवी गाडगी बांधतीस, पण ती कशावर आपटून फुटतायत ते बघत नाहीस."

तासगावच्या बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मामांनी तीस वर्षं प्लँट सांभाळला. त्या भागात द्राक्षं वाळवून बेदाणा करतात आणि त्याचा रंग टिकावा म्हणून महिनोन्‌महिने थंडीत ठेवतात. तिथं थंडावा करतो अमोनिया. अमोनिया विषारी, पण तो लपत नाही. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी नाकाला झोंबतो, डोळ्यांतून पाणी काढतो. नेमकी जागा शोधायला मामा गंधकाची कांडी पेटवून नळ्यांच्या कडेनं फिरवत. गळतीपाशी आली की दाट पांढरा धूर उठे. आयुष्यभर ज्याच्या यंत्रानं आपली जखम अशी ओरडून सांगितली, त्याला आमच्या एसीतला आर-३२ हा वायू अस्वस्थ करत होता. त्याला रंग नाही, नाकाला कळेल असा वास नाही. वर्षभर झिरपत राहिला तरी घरातल्या कुणाला पत्ता लागत नाही.

माझी बाजूही मी मांडली, आणि ती आजही मला खोटी वाटत नाही.

"मामा, तुमच्या प्लँटला मालक होता. प्लँट बंद पडला तर त्याचा टनावारी माल खराब व्हायचा, म्हणून शोध घ्यायला तुम्हाला पगार मिळायचा. इथं घर ओनरचं, एसी ओनरचा आणि घाम माझा. अकरा महिन्यांचा करार, कितीतरी महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून अडकलेलं. गळती शोधायला भिंत उकरली तर प्लास्टरचे पैसे त्यातूनच कापले जातील. आणि त्या मेकॅनिकला उन्हाळ्यात दिवसाला सात-आठ घरं उरकायची असतात. त्याला पैसे घरामागे मिळतात. नायट्रोजनची टाकी चौथ्या मजल्यावर चढवून तो दोन तास बसला तर त्याचा दिवस बुडतो. तो गॅस भरून जातो यात त्याचा काय दोष?"

"दोष कुणाला देतोय मी? पण भरण्याच्या आधी एकदा बघायला काय हरकत? बघायला भिंत उकरावी लागत नाही."

नवऱ्याचं मत तिसरंच होतं : हा काढून दोन टनांचा घ्या. मामांनी त्याला टन म्हणजे काय ते विचारलं. एका दिवसात एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. सुमारे साडेतीन किलोवॅट. बारा बाय तेराच्या बेडरूमला दीड टन पुरून उरतो. "बैल आजारी पडला म्हणून कुणी हत्ती बांधत नाही," मामा म्हणाले आणि तो विषय तिथंच थांबला.

खरं तर बंगळूरला एसी लागतो हेच मामांना पटत नव्हतं. त्यांच्या आठवणीतलं बंगळूर म्हणजे समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरचं, मे महिन्यातही रात्री चादर लागणारं गाव. मी त्यांना आकडे सांगितले. २०१६ च्या एप्रिलमध्ये इथं ३९.२ अंश नोंदले गेले. २०२४ च्या एप्रिलअखेर ३८.५. त्याच वर्षी मार्चमध्ये शहरभर बोअरवेल आटल्या आणि पिण्याचं पाणी गाडी धुवायला वा बागेला वापरलं तर पाच हजार रुपये दंड लागू झाला. आमच्या मारतहळ्ळीत त्या दिवसांत टँकरची वाट पाहण्यातच सकाळ जायची. (गावाचं नाव ऐकून प्रत्येक मराठी पाहुणा हे मराठ्यांचं का, म्हणून विचारतो, मामांनीही विचारलं. कन्नडात ते 'मारत' आहे. जवळच्या एचएएलच्या 'मरुत' या लढाऊ विमानावरून ते पडलं अशीही एक कथा इथं ऐकू येते.) पश्चिमेची खिडकी, वर तापलेला स्लॅब, खाली रिंग रोड. मामा दुपारी तासभर त्या खोलीत झोपायचा प्रयत्न करून उठले आणि मग चादरीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

तीन वाजता तपासणी सुरू झाली. मामांनी काहीही उघडलं नाही. आधी रिमोट मागितला : कूलवर आहे का, चुकून ड्राय किंवा फॅनवर तर नाही. चोवीस अंश, पंखा पूर्ण वेगावर, दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले. पंधरा मिनिटं नुसतं बसायचं. मग त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर घेतला, स्टुलावर चढले आणि दोन आकडे लिहायला सांगितले. वरच्या जाळीतून आत खेचली जाणारी हवा तीस अंश, खालून बाहेर पडणारी चोवीस.

"सहाचा फरक. दहा-बारा तरी पाहिजे."

"आमच्या ऑफिसातही साधारण तेवढाच धरतात," मी म्हटलं.

"मुंबई-रत्नागिरीला थोडा कमी चालेल. तिथं यंत्राची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. इथं एप्रिलची हवा कोरडी. इथं फरक मोठाच पडायला हवा."

हा एक प्रयोग मी सगळ्यांना सांगते आहे, कारण त्याला ना पाना लागतो ना मेकॅनिक. 'गार वाटत नाही' ही तक्रार आहे. 'तीसची हवा चोवीसवर बाहेर येते' हे मोजमाप आहे. फरक बारा अंशांचा असूनही खोली तापलेली राहत असेल, तर यंत्र आपलं काम करतं आहे आणि दोष खिडकीत, स्लॅबमध्ये, उघड्या दारात किंवा खोलीच्या आकारात शोधायचा. फरकच कमी असेल तर यंत्राकडे वळायचं. आमचं यंत्राकडे वळणं ठरलं.

जाळ्या मी आदल्याच रविवारी धुतल्या होत्या. सिल्क बोर्डपासून के. आर. पुरमपर्यंत मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून रिंग रोडची धूळ आमच्या जाळ्यांवर पंधरा दिवसांत मेणचट थर धरते, त्यामुळे ही सवय मला लागली आहे. मग मामांनी पुढचं झाकण वर करून टॉर्च मारला. आतल्या कॉइलच्या डाव्या टोकाला हाताच्या चार बोटांएवढ्या पट्ट्यात पांढरं हिव धरलं होतं. बाकीची सगळी कॉइल कोरडी.

"हे बघ. सगळ्या कॉइलवर बर्फ असता तर म्हटलं असतं, हवा कमी पडतीय, जाळी तुंबलीय किंवा पंखा मंद झालाय. एकाच टोकाला बर्फ आणि पुढं कोरडी, म्हणजे गॅस थोडा आहे. आत शिरल्या शिरल्याच सगळा उकळून जातो. दाब पडलेला असल्यामुळं ते टोक गोठतं आणि पुढच्या नळीला काही उरतच नाही."

बाहेरचं युनिट धुण्याच्या बाल्कनीत आहे. चालू पंख्यासमोर मामांनी तळहात धरला आणि मला धरायला लावला. हवा जेमतेम कोमट होती. खोलीतली उष्णता इथं ओतली जायला हवी. ती येतच नव्हती. बाहेरची कॉइल तुंबलेली असती तर हवा कमी आणि भाजणारी लागली असती. तरी त्यांनी कॉइलच्या पत्र्यांवरून बोट फिरवलं आणि पांढरी पूड दाखवली. ती माझीच करणी. मार्चमध्ये मी बोअरच्या पाण्यानं युनिट धुतलं होतं आणि ते जड पाणी सुकून क्षार मागे राहिले होते. मामांनी उपाय सांगितला तो मला फार आवडला : एसीच्या नळीतून थेंब-थेंब पडतं ते पाणी बादलीत धरायचं. ते हवेतून निथळलेलं असतं, त्यात क्षार नसतात. बाहेरची कॉइल त्यानं धुवायची. टँकरच्या गावात आम्ही ते पाणी आजवर गटारात सोडत होतो. युनिटच्या तोंडासमोरची ओल्या चादरींची दोरीही त्यांनी हलवायला लावली; गरम हवा चादरींना आपटून पुन्हा मागच्या बाजूनं आत खेचली जात होती. व्होल्टेज मोजलं, ठीक निघालं.

राहिला गॅसच. युनिटच्या बगलेला दोन नळ्या पितळी नटांनी जोडलेल्या असतात. त्यातल्या बारीक नळीवर हिव होतं आणि जाड नळीच्या नटापाशी काळपट चिकट डाग. मामांचा चेहरा उजळला.

"तेल! गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं. गॅस उडून जातो, तेल नळीवर राहतं, त्याला धूळ धरते. नट ढिला आहे किंवा आतली फुलवलेली नळी चिरलीय. माणसाच्या हातची चूक. शंभरातल्या नव्वद गळत्या माणसाच्या हातातनं होतात बघ."

इथं मात्र मी त्यांना अडवलं. दर एप्रिलला मेकॅनिक तिथंच होज लावतो आणि काढताना फस्सकन थोडा गॅस व तेल उडतं. डाग त्याचाही असू शकतो. आणि माझ्याकडे दुसरा एक पुरावा होता. मी त्यांना देवघरापाशी नेलं आणि चांदीची निरंजनं दाखवली. पाडव्याला घासलेली निरंजनं पंधरा दिवसांत काळी पडली होती.

आमची गल्ली मारतहळ्ळीच्या यमलूरकडच्या टोकाला आहे. यमलूरला लागून बेळ्ळंदूरचा तलाव. शहराचं सांडपाणी पोटात घेऊन तो फेसाळला, आणि २०१५, २०१७ व २०१८ साली त्याला आग लागल्याचं देशानं टीव्हीवर पाहिलं. त्या वर्षांत बेळ्ळंदूर-वर्तूरच्या काठावरचे लोक सांगत होते की त्यांचे एसी आणि टीव्ही पुन्हापुन्हा नादुरुस्त होतात. सडणाऱ्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तोच चांदी काळी करतो, तोच तांब्यावर काळा थर चढवतो. मी रिंग रोडवरच्या एका ऑफिसात सर्व्हर-रूमच्या देखभालीचं काम बघते. तिथं तांब्याच्या आणि चांदीच्या छोट्या पट्ट्या टांगलेल्या असतात. महिन्याभरानं तांब्याच्या पट्टीवरचा गंजाचा थर तीनशे अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर हवा यंत्रांना सुरक्षित मानतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. कंपन्या आपल्या यंत्रांसाठी हवा इतक्या काळजीनं मोजतात. माझ्या घरातल्या कॉइलची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, आणि ती रोज ओली होते.

"तुम्ही नट म्हणता, मी हवा म्हणते," मी म्हटलं. "नट असेल तर आवळून सुटेल. हवा असेल तर गळती शोधूनही उपयोग काय? एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडेल. त्यापेक्षा वर्षाला एकदा गॅस भरणं स्वस्त. आर-३२ हा एकच वायू आहे, मिश्रण नाही. वरून भरला तरी प्रमाण बिघडत नाही."

मामा जरा वेळ गप्प राहिले. मग बोलले ते हळू आवाजात. "भरायला हरकत नाही असं तू म्हणतीस, पण वर्षातले सहा महिने हे यंत्र अर्ध्या गॅसवर चालतं. आत परत येणारा गार गॅसच कॉम्प्रेसरला थंड ठेवतो. तो कमी पडला की कॉम्प्रेसर तापतो, तेल परत येत नाही, वीज जास्त खातो. आणि तो गेलेला गॅस कुठं जातो? आमचा अमोनिया हवेत गेला तर नाकाला त्रास, पण आभाळाला नाही. ह्याचं काय?"

त्याचं उत्तर मला कामामुळे माहीत होतं. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो आर-३२ हवेत जाऊन जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड लागेल. जुन्या आर-२२ चा आकडा अठराशेच्या घरात, आर-४१०ए चा दोन हजारांवर. त्या मानानं हा बरा. अशा वायूंचा वापर उतरवण्याचा किगालीचा करार भारतानं २०२१ मध्ये मान्य केला, आणि आपली कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे. मी हे सगळं ऑफिसच्या अहवालात दरवर्षी लिहिते. स्वतःच्या बेडरूमचा हिशेब मात्र कधी मांडला नव्हता. तो आकडा नंतर हाती आला तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. बेळगावकडचा तरुण, मराठी बोलणारा. मामांनी त्याच्याशी आधी पैशाचं ठरवलं : घरामागे नाही, दिवसाचे. तो चकित झाला. "काका, नायट्रोजन टेस्ट मला येते की. ट्रेनिंगला शिकवलीय. पण कस्टमर म्हणतं, तेवढा गॅस घाल आणि जा." मी मान खाली घातली, ते कस्टमर मीच होते.

आधी साबणाचा फेस. मामांनी ब्रशनं तो स्वतः नटावर लावला आणि चष्मा नाकावर सरकवून बसून राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकही बुडबुडा नाही. "सावकाश गळत असेल," ते म्हणाले, पण आवाजात कालचा जोर नव्हता.

मग उरलेला गॅस मशीन लावून बाटलीत काढला आणि काट्यावर ठेवला. यंत्राच्या पाटीवर लिहिलं होतं ८०० ग्रॅम. निघाला ३१०. गेल्या एप्रिलला पूर्ण भरलेल्यापैकी ४९० ग्रॅम वर्षभरात निघून गेला होता. तीन वर्षांचा मिळून दीड किलोच्या आसपास. म्हणजे सुमारे हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार, एका बेडरूममधून, कुणाला वास न येता.

संध्याकाळी सहा वाजता नळ्या आणि आतली कॉइल यांत नायट्रोजन भरला, साडेतीनशे पीएसआयपर्यंत. (यासाठी ऑक्सिजनची टाकी कुणी चुकूनही वापरू नये, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. मामांनी टाकीचा रंग आणि नाव दोन्ही स्वतः तपासलं.) त्यांनी भिंतीवर पेन्सिलनं लिहिलं : ३५०, एकतीस अंश. मेकॅनिक काटा बघून निघणार, तेवढ्यात ते म्हणाले, "सकाळी काटा उतरलेला दिसेल, पण लगेच गळती म्हणू नका. रात्री हवा गार होते, गॅस आकसतो. आठ अंश उतरले तर दहा पीएसआय आपोआप जातात."

सकाळी सहाला खोली तेवीस अंशांवर होती आणि काटा २९० वर. दहा गारव्याचे. पन्नास गळतीचे.

मग भाग वेगळे केले. नळ्यांची दोन्ही टोकं झाकून दाब दिला; दोन तास काटा हलला नाही. नट, जोड, भिंतीतली नळी, सगळं निर्दोष. उरली आतली कॉइल. ती उतरवून धुण्याच्या टपात बुडवली. टप भरायला दोन बादल्या टँकरचं पाणी लागलं. बाथरूममध्ये आम्ही चौघं वाकून बसलो होतो. पाणी स्थिर झालं आणि उजव्या बाजूच्या तिसऱ्या वळणाजवळून मोहरीएवढा बुडबुडा सुटला. मामा घड्याळ बघत होते. चार सेकंदांनी दुसरा. मग तिसरा. त्या वळणाचं तांबं शाईसारखं काळं पडलं होतं.

मामांनी घड्याळावरून नजर काढली. "नट नाही," ते म्हणाले. "तुझं बरोबर."

मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं नाही. ज्या पद्धतीनं त्यांचं मत खोटं ठरलं ती पद्धत त्यांचीच होती, आणि तिच्याशिवाय माझं मत हे नुसतं मतच राहिलं असतं. शिवाय ते पूर्ण खरं आहे हेही मी सांगू शकत नाही. तांब्याला आतून पोखरणारा आणखी एक गंज असतो; प्लायवूडच्या गोंदातून, काही साफसफाईच्या द्रवांतून सुटणाऱ्या आम्लांमुळे तो होतो आणि नळीच्या भिंतीत वारुळासारखी भुयारं पाडतो. ओनरनं तीन वर्षांपूर्वी याच खोलीत नवं प्लायवूडचं कपाट करून घेतलं होतं. तलाव की कपाट, हे नळी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरत नाही. काळी निरंजनं एवढंच सांगतात की हवेत गंधक आहे.

डाग लावून, म्हणजे झाळून, ते भोक बुजवता आलं असतं. मेकॅनिकनं बॅटरी मारून बाकीची वळणं दाखवली. आणखी चार काळी होती. आपणच झाळावं की नाही, यावर तो आणि मामा बराच वेळ बोलत राहिले, दोन कारागीर बोलतात तसे. शेवटी दोघांचं एकमत झालं : कॉइल बदलायची, मिळाली तर संरक्षक थर दिलेली. जोडण्याआधी व्हॅक्यूम पंप पूर्ण वेळ चालवायचा आणि गॅस प्रेशर बघून न भरता वजन करून भरायचा, आठशे ग्रॅम.

पैशाचा प्रश्न उरला होता, आणि तो ओनरचा होता. मी फोन लावला. माझं कन्नड मोडकं आहे. एसी गार करत नाही म्हटल्यावर पलीकडून तेच आलं, तीन वर्षं मीही जे म्हणत आले होते : गॅस खाली झाला असेल, भरून घ्या. मामा समोर बसले होते. मी शब्द जुळवले.

"गॅस खाली आगिल्ला. लीक आगिदे."

संपलेला नाही, गळला आहे. पलीकडे क्षणभर शांतता. मग ओनरनं विचारलं, "एल्ली?"

कुठं? मामांना कन्नड येत नाही, पण तासगावला कन्नड बोलणारे हमाल होते आणि एवढा शब्द त्यांना कळला. त्यांनी टपाकडे बोट केलं. मी फोनचा कॅमेरा चालू केला, पाण्याच्या अगदी जवळ नेला आणि पुढचा बुडबुडा सुटायची वाट पाहत बसले.